तिसरी पुकार

पाळक तुळशीरामांनी उत्तमराव मास्तरांच्या घरात भिंतीवर कागदी तक्ता टांगला आणि मास्तर सतरंजीवरून अर्धे उठले.

तक्त्यावर जाड अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रौढांचे आत्मिक शिक्षण. पायरी पहिली : मौन’. पाळकसाहेब पंधरा दिवसांच्या शिबिराहून परवाच मलकापूरला उतरले होते. इंजिनाचा कोळसा अंगावरून धुवायच्या आधी म्हणे त्यांनी रंगाचा डबा उघडला होता. माणूस नगरकडचा, वय तिशीच्या आत, आणि उत्साह असा की समोरच्याला धाप लागावी.

“आजपासून सहा शनिवार घरच्या प्रार्थनासभेत कोणीही तोंड उघडायचं नाही,” ते म्हणाले. “अर्धा तास. डोळे मिटून. आजवर आपण बोललो आणि देवानं ऐकलं. आता देव बोलेल, आपण ऐकायचं.”

“साहेब,” उत्तमराव म्हणाले, “हे सहा शनिवार पुढच्या आठवड्यापासून धरले तर?”

“का बरं?”

आता का ते काय सांगायचं, कपाळ! भिंतीकडेच्या बाकावर थोरले भाऊ माणिकराव बसले होते, कापसाच्या जिनातली नोकरी संपवून घरी बसलेले. त्यांच्याशी आज बोलणं भाग होतं, आणि प्रार्थना सोडून त्यांच्याशी बोलायची दुसरी वाटच उत्तमरावांना नव्हती.

दोघे भाऊ एकाच अंगणात राहत होते. दारं दोन, विहीर एक. बाप गेला तेव्हा कबरीच्या दगडावर कोणतं वचन कोरायचं यावरून बिनसलं. एकाला मेंढपाळाचं वचन पाहिजे, एकाला पुनरुत्थानाचं. अकरा वर्षं झाली, मधल्या मधे मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला, पण दगड कोरा तो कोराच राहिला आणि भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. तरी संसार चालायला बोलणं तर लागतंच. म्हणून देवाला मधे घालून घेतलं. शनिवारच्या सभेत डोळे मिटलेले, प्रार्थनेत कोणी कोणाला अडवायचं नाही, आणि जे सांगायचं ते देवाला सांगितलेलं. म्हणजे कोणी नमलं असं होत नाही.

“हे दयाळू पित्या,” माणिकराव खणखणीत आवाजात म्हणायचे, “विहिरीचा दोर झिजला हाय, हे तुले दिसतेच. मांगच्या खेपेले कोणं आणला होता, हेही तुले ठाऊक हाय.”

मग उत्तमराव म्हणायचे, “हे प्रभू, दोर आणायला तुझा दास तयार आहे. पण बादली कोणाच्या हातून विहिरीत पडली, त्याच्याही अंतःकरणाला तू स्पर्श कर.” की सोमवारी नवा दोर यायचा आणि मंगळवारी गळ टाकून बादली निघायची. शेणखताची गाडी, भिंतीची डागडुजी, सगळं असंच उरकायचं. मंडळीतले बाकीचे सात-आठ जणही कान टवकारून यायचे. शनिवारची हजेरी रविवारपेक्षा जास्त असायची, ती काय उगाच?

पण गेल्या दोनेक वर्षांपासून हे टपाल गहाळ व्हायला लागलं होतं. उत्तमराव एक सांगायचे, दादा भलतंच मागायचे. मागल्या साली थोरल्या वहिनी गेल्या, तेव्हा तर उत्तमराव भर सभेत रडले होते. “हे प्रभू, वहिनीनं मले लेकरासारखं वाढवलं. माहं चुकलं. मले माफ कर,” असं ते म्हणाले, आणि ते देवाला कमी नि दादाला जास्त होतं, हे खोलीतल्या उंदरालाही समजलं असेल. त्यावर दादा उभे राहिले आणि त्यांनी गाईला घालायच्या ढेपेसाठी प्रार्थना केली. ढेपेसाठी! उत्तमरावांना त्या दिवशी जे लागलं, ते लागलंच.

आणि आता हा पोरीचा प्रश्न. रिबेकाचं चिखलीच्या मंडळीतल्या एका कंपाउंडरशी ठरलं होतं. ख्रिस्ती देवळात तीन रविवार लग्नाची पुकार होते. कोणाची हरकत असेल तर सांगा, असं विचारतात. दोन पुकारा झाल्या होत्या. तिसरी उद्या, आणि ती ऐकायला चिखलीचे पाहुणे येणार होते. दादा म्हणजे मंडळीचे वडील, देवळाच्या पंचांतले, पहिल्या बाकावरचे. ते उद्या उभे राहिले तर लग्न जागच्या जागी थांबणार आणि पाहुणे दुपारच्या मोटारीनं परत जाणार. तिसऱ्या पुकारेला अडलेल्या पोरीला मग कोण विचारतो?

ते उभे राहणार, याची उत्तमरावांना धास्तीच बसली होती. कारण सलग तीन शनिवार दादा एकच प्रार्थना करत होते. “हे प्रभू, चिखलीच्या पोट्ट्याची माय कशानं मेली, याचा उजेड पाड. टीबी असन तर माह्या पोरीले वाचव. लहान्या घरच्यायले अक्कल दे. तू नाही बोलला तर मंग मलेच बोला लागीन.” आणि तिन्ही शनिवार उत्तमरावांनी लगेच देवाला कळवलं होतं की ती बाई वावरात साप चावून मेली, टीबी नव्हता, दवाखान्याचा कागद आपण स्वतः वाचला आहे. याहून उजेड तो कोणता? तरी पुढच्या शनिवारी दादांचं पुन्हा तेच.

“म्हणजे हा हट्ट हाय,” उत्तमराव बायकोला, रुख्मिणीला म्हणाले होते. “त्याले मोडाचंच हाय लगन. न विचारता ठरवलं म्हणून डूख धरला त्यानं.”

आज चौथ्यांदा, शेवटचं, अगदी तारीखवार सांगायचं म्हणून त्यांनी प्रार्थना पाठ करून ठेवली होती. आणि हे पाळकसाहेब तक्ता घेऊन हजर!

“साहेब, मौन चांगलंच हाय,” उत्तमराव म्हणाले. “पण आज एक प्रार्थना मले मोठ्यानं कराचीच हाय. लहानशी.”

“मास्तर, खरं सांगू?” पाळकसाहेबांनी खडू खाली ठेवला. “तुमच्या घरच्या प्रार्थनेत देव कुठं असतो हो? दोर असतो, बादली असते, ढेप असते. मी आठ महिने ऐकतोय. शिबिरात मी हे उदाहरण सांगितलं, नावं न घेता. लोक हसून हसून लोळले.”

उत्तमरावांचे कान तापले. खरं होतं म्हणूनच जास्त तापले. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. जनकाबाई दोघांहून मोठी, विधवा, तीन गल्ल्या पलीकडे राहणारी. दुपारी एका भावाच्या ओसरीवर जेवायची, सांजेला दुसऱ्याच्या, आणि ज्याच्याकडे शेवटचं जेवली त्याची बाजू घ्यायची. आज दुपारी ती उत्तमरावांकडेच जेवली होती. वांग्याची भाजी दोनदा घेतली होती.

“बाई, तू तरी सांग नं साहेबाले.”

“काय सांगू?” जनकाबाई म्हणाली. “साहेब बराबर बोलून राह्यले. तुमच्या दोघायची कटकट ऐकून देवाचे कान किटले असतीन. मले तर मौन पाह्यजेच. मी थकली बाप्पा.”

“वांगे खाताना नाही थकली तू!”

“ते तुह्या बायकोचे होते, तुहे नाही.”

रुख्मिणी दाराआडून पदर तोंडाला लावून हसली. ती मधे पडू शकत नव्हती. बाप्तिस्मा होऊन दोन पिढ्या झाल्या तरी भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बोलायचं नाही ही रीत काही सुटली नव्हती. थोरल्या वहिनी गेल्यापासून ती दादांचं ताट त्यांच्या ओसरीवर ठेवून खाली मान घालून परत यायची. रिबेका मोठेबाबांशी रोज बोलायची, पण पोरीनं आपल्याच लग्नाचं कसं काढायचं?

“माणिकराव, आपण वडील आहात,” पाळकसाहेब वळले. “मौनाबद्दल आपलं काय मत?”

माणिकरावांनी पाळकांच्या तोंडाकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं, पुन्हा तोंडाकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तसा उत्तमरावांनी वर्षात पाहिला नव्हता. “मौन? बेस! लय बेस! सहाच शनिवार काऊन, सालभर करा नं!”

म्हणजे माझा आवाजच नको आहे याला, उत्तमरावांच्या मनात आलं. त्यांना भडभडून आलं आणि रागही आला, आणि यातलं आधी काय आलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पाळकसाहेबांनी गजराच्या घड्याळाला किल्ली दिली, ते तिवईवर ठेवलं, आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग कोणाचं तरी पोट वाजलं. जनकाबाईचा श्वास जड होत होत घोरण्यापर्यंत पोचला. दारातून शेळी डोकावली, तिला हाकलायला कोणी तोंड उघडेना, म्हणून ती आत येऊन तक्त्याचा खालचा कोपरा चघळायला लागली. उत्तमरावांनी एक डोळा उघडला. अकरा मिनिटं उरली होती, आणि मग उद्या उजाडणारच होतं.

चिठ्ठी त्यांनी कधी लिहिली नव्हती. जो आधी लिहील तो नमला, असा हिशेब होता. पण पोरीसाठी माणूस काय करत नाही! त्यांनी खिशातून चौथीच्या मुलाचा शुद्धलेखनाचा कागद काढला, पाठीमागे लिहिलं, ‘साप चावला होता. टीबी नव्हता.’ नाव नाही, गाव नाही. घडी घातली आणि सतरंजीवरून हळूच दादांच्या दिशेनं सरकवली. ती अर्ध्या वाटेत पाळकसाहेबांच्या पायाला लागून थांबली.

पाळकसाहेबांनी डोळा किलकिला केला. घडी तिरपी पडली होती, वरचे दोनच शब्द दिसत होते. ‘साप चावला.’

त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण मौन त्यांनीच लावलेलं, आणि अजून दहा मिनिटं बाकी. ते मुकाट्यानं उठले आणि खुर्चीवर चढले. खुर्ची करकरली तशी जनकाबाई जागी झाली. तिला वाचता येत नव्हतं. पाळकसाहेब वर चढले म्हणजे पहिली पायरी संपून दुसरी लागली असणार, असं समजून ती भक्तिभावानं बाजेवर चढली आणि हात जोडून उभी राहिली. शेजारच्यानंही तेवढेच दोन शब्द वाचले आणि खिडकीत पाय घेतले. दोघं बाकावर चढली, एक जण कणगीला लोंबकळला. कोणाच्या तोंडून शब्द नाही. सगळी सभा जमिनीपासून दोन-दोन हात वर, डोळे फाडून सतरंजीकडे बघते आहे, आणि शेळी तक्ता खाते आहे. खाली उरले उत्तमराव, आपणच केलेलं पाहून थिजलेले, आणि माणिकराव.

माणिकराव हलले नाहीत. बाकाच्या पलीकडच्या टोकावर दोन माणसं चढली, शेजारी तिवई आडवी झाली, घड्याळ पडलं आणि दहा मिनिटांनी तिथंच ठणाठणा वाजायला लागलं, तरी त्यांचे डोळे मिटलेले आणि तोंडावर शांती.

“पाहा!” मौन सुटल्यासुटल्या पाळकसाहेब खुर्चीवरून ओरडले. “याला म्हणतात मौन! शिबिरातसुद्धा असा माणूस पाहिला नाही मी!”

“ध्यान लागलं त्याले!” जनकाबाई बाजेवरून म्हणाली, आणि तेवढ्यात तिनं बाजू बदलली. “माहा माणिक लहानपणापासूनच देवाचा.”

कोणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा माणिकरावांनी डोळे उघडले. सगळे उंचावर उभे असलेले पाहून ते जरा बिचकले. मग म्हणाले, “झालं का? आमेन,” आणि काठी घेऊन निघून गेले. चिठ्ठी शेळीनं खाल्ली होती.

सभेतली माणसं पांगल्यावर उत्तमराव बाजेवर डोकं धरून बसले.

“जा नं हो,” रुख्मिणी म्हणाली. “तोंडानं बोला नं त्याईच्याशी. दहा पावलं हाय दार.”

“मी काऊन पहिले जाऊ? त्यानं ढेपेची प्रार्थना केली होती. माहीत हाय नं तुले?”

रिबेका चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, “बाबा, माह्या लग्नापेक्षा तुमचं पहिले-दुसरे मोठं हाय का?”

मास्तरांनी डोक्यावरचे हात काढले. ते उठले. अकरा वर्षांत जी दहा पावलं टाकली नव्हती ती टाकली. दादा ओसरीवर पाठमोरे बसून काठीला तेल लावत होते. “दादा,” उत्तमरावांनी हाक मारली. मग जरा मोठ्यानं, “दादा, मी उत्तम.”

दादांनी मान वळवली नाही. काठीवरून फडकं फिरवत राहिले.

उत्तमराव तसेच परत आले. त्या घरात त्या रात्री कोणी जेवलं नाही, रुख्मिणीनं दादांचं ताट मात्र पोचवलं.

रविवारी देऊळ भरलं होतं. चिखलीचे पाच जण दुसऱ्या बाकावर, वरपित्याच्या डोक्याला नवा फेटा. पहिल्या बाकावर माणिकराव एकटे, हातात गायनाचं पुस्तक. उत्तमरावांना फक्त त्यांची पाठ दिसत होती, आणि कालपासून ती पाठ त्यांना बघवत नव्हती.

पहिल्या दोन पुकारा पाळकसाहेब शिबिरात असताना दुसऱ्यांनीच वाचल्या होत्या. ही तिसरी त्यांनी अगदी संथ, गंभीरपणे वाचली. “कोणाची रास्त हरकत असेल, तर त्यानं आता उभं राहून सांगावं.” आणि शिबिरात शिकल्याप्रमाणे उजवा हात उंच केला.

माणिकराव उभे राहिले.

बायकांच्या बाजूनं कोणीतरी “अगं माय” म्हणालं. वरपिता फेट्यासकट मागे वळला आणि उत्तमरावांकडे असा पाहू लागला की जमीन दुभंगली तर बरं. रिबेका पदराचं टोक दातात धरून बसली होती. तिच्याकडे एकदा पाहिलं आणि उत्तमरावांना दुसऱ्यांदा पाहवेना.

“माणिकराव,” पाळकसाहेब चाचरत म्हणाले, “आपली हरकत... ती काय आहे?”

माणिकरावांनी पुस्तक उघडलं, छाती भरून श्वास घेतला, आणि एकटेच खणखणीत आवाजात गायला लागले. पाळकांचा हात वर गेला की उभं राहून गायचं, आजवर त्या हाताचा दुसरा अर्थच नव्हता. पेटी वाजत नव्हती, मागं कोणी गात नव्हतं, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी अख्खं कडवं म्हटलं. वरच्या पट्टीत, सुरात, डोळे पुस्तकाला लावून. दुसऱ्या कडव्याला जनकाबाईनं भावाची लाज राखायला आवाज मिसळला, तोही चुकीच्या चालीत. माणिकरावांना तेही समजलं नाही.

उत्तमराव आधी नुसते पाहत राहिले. मग त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. जिनात तीस वर्षं. सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या मधोमध, जिथं माणसं एकमेकांशी खुणांनी बोलतात. कानाशी वाजलेलं घड्याळ. काठीला तेल लावणारी पाठ. ढेप. अरे देवा, ढेप!

ते बाकातून उठले, सगळ्यांच्या देखत पुढे गेले आणि दादांच्या समोर, अगदी तोंडासमोर उभे राहिले. माणिकराव गाता गाता थांबले.

“दादा!” उत्तमराव ओरडले. “तुले ऐकू येत नाही का?”

माणिकरावांनी भावाच्या ओठांकडे पाहिलं. आजूबाजूला पाहिलं, सगळी मंडळी बसलेली, आपण एकटेच उभे. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं आणि तोंड उतरलं.

“हळू बोल बे,” ते म्हणाले. “सारं देऊळ ऐकून राह्यलं.”

“कधीपासून?”

“दोन वर्सं झाले. समोर तोंड दिसलं की समजते मले बराबर. कोणाले सांगू नको. वडीलपण काढून घेतीन.” हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं की बाहेर टांग्यावाल्यानं मान आत घातली.

“आन शनिवारी? मी प्रार्थना करत होतो ते?”

“डोये मिटल्यावर कोणाचं काय समजते? अंधार असते नुसता. सारे बसले की बसतो, आमेन झालं की शेजारचा उठते, मी उठतो.” मग जरा ओशाळून विचारलं, “काऊन? काही कामाचं बोलत होता का तू?”

उत्तमरावांना हसावं की रडावं कळेना. दोन वर्षांच्या प्रार्थना. वहिनीची प्रार्थना. एकही पोचली नव्हती, आणि ते ज्याच्यावर रुसून बसले होते तो बिचारा अंधारात बसून शेजारच्याच्या उठण्याची वाट पाहत होता.

“पोराच्या मायले साप चावला होता, दादा. टीबी नव्हता. तीनदा सांगितलं.”

“साप?” माणिकरावांचे खांदे सैल पडले. “मंग पहिलेच सांगाचं नाही का! मी रात-रात झोपलो नाही.”

“वडील,” पाळकसाहेब घाईनं पुढे होऊन त्यांच्या तोंडासमोर आले, “म्हणजे हरकत नाही, असं लिहू ना?”

“हाय,” माणिकराव म्हणाले.

वरपित्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला.

“हरकत हाय. घरची पहिली पोरगी चालली आन मले कोणं विचारलं नाही.” त्यांनी गायनाचं पुस्तक छातीशी धरलं. “पुकारेच्या पुस्तकात नाव चढलं तेव्हापासून सारे माह्याकडे पाहून राह्यले, म्हणून मले समजलं. पुस्तकात पाहून नाव वाचलं मी आपल्या पोरीचं.”

देवळात एकदम शांत झालं. असं मौन कालच्या अर्ध्या तासात एक मिनिटही साधलं नव्हतं.

उत्तमरावांनी दादांचे दोन्ही हात धरले, पुस्तकासकट. “दादा, माहं चुकलं. वहिनी गेली तेव्हाच म्हणाचं होतं, तेव्हा देवाले म्हटलं, तुले नाही म्हटलं. पोरगी तुही हाय. चिखलीले देऊ का तिले? तू सांग. तू नाही म्हटलं तर नाही.”

माणिकराव भावाच्या तोंडाकडे बघत राहिले. बायकांच्या बाजूनं रिबेका उभी राहिली होती.

“पुन्हा म्हण,” ते अखेर म्हणाले. “डोयात पानी आलं मधातच. पहिलंच काही नाही ऐकू आलं.”

उत्तमरावांनी उपरण्याच्या टोकानं दादाचे डोळे पुसले, आणि पहिल्यापासून, सावकाश, पुन्हा विचारायला सुरुवात केली.